चावडीवरचा रेडिओ

गावाला बोलायला शिकवावे लागत नाही. पारावर, देवळाच्या ओट्यावर, पाणवठ्यावर, बाजाराच्या गाडीत, लग्नाच्या मांडवात ते बोलतच असते. पाऊस, भाव, सोयरीक, भावकीतला तंटा, तलाठ्याची मेहेरबानी, पुढाऱ्याची लबाडी. विषयांना तोटा नाही. शाळेत आम्ही मास्तर लोक ज्यांना 'चालू घडामोडी' म्हणतो आणि मुलांकडून घोकून घेतो, त्यांचा तास गावात रोज संध्याकाळी भरत आला आहे. त्याला घंटा नसते आणि हजेरी नसते, एवढाच काय तो फरक.

अशा या बोलघेवड्या गावात रेडिओ आला आणि गावाच्या वाट्याला एक नवीच शिस्त आली. गप्प बसून ऐकण्याची. कीर्तनात बुवाही एकटेच बोलतात, हे खरे. पण समोरचा श्रोता मान डोलावतो, गजराला साथ देतो, कंटाळला तर जोडे शोधीत उठून जातो, आणि बुवांना ते दिसते. तमाशातल्या सोंगाड्याला तर लोक जागच्या जागी जबाब देतात. रेडिओतल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. ऐकणारा डुलकी घेतो आहे की दात-ओठ खातो आहे, याची त्याला वार्ता नसते. तो आपला वेळ झाली की बोलू लागतो आणि वेळ झाली की थांबतो.

मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले २३ जुलै १९२७ रोजी. ते एका खासगी कंपनीचे होते. तीन वर्षांच्या आत, १९३० साली, कंपनी बुडाली आणि हा उद्योग सरकारच्या गळ्यात पडला. १९३६ साली त्याचे 'ऑल इंडिया रेडिओ' असे बारसे झाले. आपण मराठीत तिला नभोवाणी म्हणत होतो. 'आकाशवाणी' हे नाव मूळचे म्हैसूरच्या एका हौशी प्राध्यापकांच्या केंद्राचे, ते पुढे साऱ्या देशाने उचलले. पुण्याचे केंद्र निघाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर. नाव आकाशवाणी काय, नभोवाणी काय, दोन्हींत एक गोष्ट कबूल केलेली आहे: वाणी वरून येते. कंसालाही आकाशवाणी झाली होती. त्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय नव्हती.

ही सोय करून पाहण्याचा एक प्रयोग आपल्याच मुलखात झाला. साल होते १९५६. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, दहा आठवडे, पुणे केंद्रावरून आठवड्याला दोन याप्रमाणे वीस कार्यक्रम प्रक्षेपित झाले. प्रत्येक कार्यक्रम अर्ध्या तासाचा. ऐकणारी गावे दीडशे. जिल्हे पाच: पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा. (उत्तर सातारा म्हणजे आजचा सातारा जिल्हा. दक्षिण सातारा म्हणून जो होता, तो पुढे सांगली झाला.) प्रयोगामागे युनेस्को ही जागतिक संस्था होती आणि कल्पना मूळची कॅनडाची. तिकडे १९४१ पासून शेतकरी कुटुंबे हिवाळ्यात एकमेकांच्या घरी जमत, रेडिओवरची चर्चा ऐकत, मग आपसांत चर्चा करीत आणि आपले म्हणणे लिहून केंद्राकडे धाडीत. वाचा, ऐका, चर्चा करा, कामाला लागा, असे त्यांचे ब्रीद होते. आपल्याकडे येताना त्यातले 'वाचा' गळाले. १९५६ सालच्या खेड्यात ते कोणाला सांगणार? उरले तीन शब्द: ऐका, बोला, करा.

रचना साधी होती. गावातली साधारण वीस माणसे निवडायची. ती एकाच आळीची, एकाच जातीची, नुसती शिकलेली अशी नसावीत, असा कटाक्ष ठेवायचा. एक निमंत्रक, एक लिहिणारा. हा लिहिणारा पुष्कळदा शाळामास्तर असणार, हे आमच्या व्यवसायातल्या कोणालाही न सांगता कळेल. सार्वजनिक रेडिओभोवती मंडळी जमत. अर्धा तास ऐकत. मग रेडिओ बंद करायचा आणि त्यानंतरच खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. जे ऐकले ते आपल्या गावाला लागू आहे का? नसेल तर का नाही? असेल तर कोण करणार, पैसा कोठून येणार? चर्चेचा गोषवारा आणि उरलेल्या शंका कागदावर उतरवून तो कागद टपालाने पुण्याला जाई. तिथे शंकांची उत्तरे तयार होत आणि पुढच्या कार्यक्रमात ती सांगितली जात.

या शेवटच्या गोष्टीत सारी जादू आहे, असे मला वाटते. आपल्या गावाचे नाव घेऊन, आपल्या विहिरीविषयी आपण विचारलेल्या प्रश्नाला रेडिओ उत्तर देतो आहे, हे चावडीवर बसून ऐकताना त्या माणसांना काय वाटले असेल! देवाने कौल द्यावा तसे वाटले असेल म्हणावे, तर कौलात नुसते उजवे-डावे असते. इथे कारणे सांगितली जात होती.

त्या वेळी आकाशवाणीचे महासंचालक होते जगदीशचंद्र माथुर. सनदी अधिकारी आणि हिंदीतल्या 'कोणार्क' नाटकाचे लेखक. नाटककार असल्यामुळे संवादाला दोन माणसे लागतात हे त्यांना ठाऊक असावे. नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, म्हणजे आपलेच पुणेकर. सिनेसंगीतावर रुष्ट असलेले मंत्री म्हणून लोक त्यांना ओळखतात. गावचा हा प्रयोगही त्यांच्याच कारकिर्दीतला, याची आठवण क्वचितच निघते.

प्रयोगाचे मोजमाप मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि त्या कामाचा प्रमुख एक परदेशी गृहस्थ होता. पॉल न्यूरॅथ त्याचे नाव. त्याच्याविषयी थोडे विषयांतर केले तर वाचकांनी रागावू नये. हा मूळचा व्हिएन्नाचा. त्याचा बाप ऑटो न्यूरॅथ हा नामांकित तत्त्वचिंतक. आकडेवारी लहान लहान चित्रांनी दाखवण्याची जी पद्धत आपण भूगोलाच्या पुस्तकांत पाहतो, ती रूढ करणाऱ्यांत तो अग्रणी होता. नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर, १९३८ साली, तरुण पॉल पकडला गेला आणि डाखाऊ व बुखेनवाल्ड या छळछावण्यांत राहिला. १९३९ साली सुटून तो स्वीडनला गेला, तिथून अमेरिकेला. त्या छावण्यांतल्या माणसांच्या वागण्यावर त्याने कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिला.

आता हे ध्यानात घ्या की ज्या राजवटीने या माणसाला तारेच्या कुंपणात कोंडले, तिने रेडिओ घरोघर पोचवण्यासाठी १९३३ सालापासून मुद्दाम स्वस्त यंत्रे काढली होती. 'जनतेचा रेडिओ' असेच त्याचे नाव होते. सगळ्या देशाला एकच आवाज ऐकू यावा, ही योजना. तो आवाज काय करू शकतो, हे या गृहस्थाने अंगावर सोसले होते. आणि तोच पुढे वीस वर्षांच्या आत नाशिक-नगरकडच्या गावांत रेडिओ बंद केल्यावर लोक काय बोलतात याच्या नोंदी जमवीत होता. कादंबरी लिहिताना असा योगायोग मी घातला असता, तर संपादकांनी तो खोटा वाटतो म्हणून काढायला लावला असता.

न्यूरॅथने मोजणी मोठ्या काटेकोरपणे केली. चर्चागट असलेली वीस गावे घेतली आणि तुलनेला आणखी वीस घेतली. त्यांपैकी दहांत रेडिओ होता पण गट नव्हता, आणि दहांत रेडिओच नव्हता. प्रयोगापूर्वी आणि प्रयोगानंतर लोकांना प्रश्न विचारले. गट असलेल्या गावांत माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. रेडिओ होता पण गट नव्हता, तिथे फारच थोडी. म्हणजे यंत्र गावात आणून ठेवल्याने विशेष काही होत नव्हते. यंत्र बंद केल्यावर जे बोलणे होई, त्याने होत होते. शाळेतही फळ्यावर लिहून दिल्याने मुलाला येत नाही, शेजारच्याशी भांडल्यावर येते, हा अनुभव आम्हाला रोजचा आहे. पण तो चाळीस गावांत मोजून कोणी सिद्ध केला म्हणजे बरे वाटते.

गटांनी नुसत्या गप्पा मारल्या नाहीत. विहीर खणायची का, जातिवंत वळू आणायचा का, लेगहॉर्न कोंबड्या पाळून पाहायच्या का, खताचे खड्डे गावाबाहेर न्यायचे का, बालवाडी काढायची का, माल एकत्र विकायचा का, असे विषय पुढे आले आणि कित्येक ठिकाणी ते तडीसही गेले. काही गावांत तर गट हीच निर्णय करणारी बैठक होऊन बसली. मग ग्रामपंचायतीच्या पोटात दुखणे ओघानेच आले. निवडून आलो आम्ही, आणि गावाचा विचार करणार रेडिओभोवतीची वीस टाळकी? मला यात प्रयोगाच्या यशाची मोठी खूण दिसते. ज्या बोलण्याने कोणाच्याच कपाळाला आठी पडत नाही, ते बोलणे झाले काय आणि न झाले काय!

माथुर आणि न्यूरॅथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. आफ्रिकेत, घानामध्ये, पुढे असेच गट निघाले.

इथवर सारे गोड आहे. आता दुसरी बाजू.

हे वीस कार्यक्रम चालू होते ते महिने कोणते? १९५६ चा फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. १६ जानेवारीला मुंबई केंद्रशासित होणार अशी घोषणा झाली होती. त्यापाठोपाठ मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाले, माणसे मेली. ६ फेब्रुवारीला संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, आणि ती झाली पुण्यातच; ज्या गावातून हे कार्यक्रम निघत होते, त्याच गावात. त्या दिवसांत नाशिकच्या द्राक्षमळ्यापासून कोल्हापूरच्या गुऱ्हाळापर्यंत दुसरा विषय नव्हता. पारावर तो होता, गाडीत होता, मांडवात होता. रेडिओभोवती जमलेली वीस माणसे चावडीकडे येताना तेच बोलत आली असणार आणि घरी जातानाही तेच बोलत गेली असणार. मधला तासभर मात्र खत, उंदीर, देवी टोचणे आणि साक्षरता. गावकारभाराविषयीही बोला, म्हणून मुभा होती. राज्यकारभाराचे नाव त्या यादीत नव्हते. सरकारचा रेडिओ, सरकारच्या विरुद्ध उठलेली चळवळ. तेव्हा तसे का, हे कोडे नाही. पण ज्या गावाला 'तुझे म्हणणे काय' असे आयुष्यात पहिल्यांदा विचारले गेले, त्याला त्याच्या मनातले सोडून बाकी सारे विचारले गेले, ही गोष्ट राहतेच.

मनातले गावाने दुसऱ्या मार्गाने ऐकले आणि सांगितले. शाहीर अमरशेख, अण्णाभाऊ साठे, गव्हाणकर यांचे डफ त्या काळी गावोगाव कडाडत होते. १५ नोव्हेंबर १९५६ ला अत्र्यांचा 'मराठा' सुरू झाला. गावात एक अंक यायचा आणि एकाने वाचून दाखवायचा, बाकीच्यांनी ऐकायचा आणि मग तासभर चर्चा. म्हणजे पुन्हा तीच पद्धत, फक्त युनेस्कोवाचून. आणि १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने आपला गोषवारा मतपेटीतून धाडला. ऐका, बोला, करा!

याच सुमारास पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात एक माणदेशी माणूस नोकरीला आला होता. व्यंकटेश माडगूळकर. 'बनगरवाडी' लिहून झालेली, 'माणदेशी माणसे' त्याआधीच गाजलेली. १९५५ पासून जवळजवळ तीस वर्षे त्यांनी तिथे काढली. आमच्या पिढीच्या लिहिणाऱ्यांना ही नोकरी म्हणजे लेखकाचा चरितार्थ, एवढेच वाटते. मला ती त्याहून अधिक वाटत आली आहे. शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलायचे म्हणजे शब्दाला 'गा' आणि 'बा' जोडायचे, अशी शहरी समजूत त्या काळी होती आणि आजही आहे. खेड्यातला माणूस थोडके बोलतो, गाळून बोलतो, आणि जे सांगायचे ते बरेचदा न बोलता ठेवतो, हे ज्याच्या कानाला ठाऊक, असा माणूस त्या खात्यात होता, ही आकाशवाणीची पुण्याई.

मुंबई केंद्राची तऱ्हा वेगळी. तिथे चाळीतल्या प्रपंचाला तोंड फुटले. 'पुन्हा प्रपंच'मधले प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडेभावजी ज्यांनी ऐकले, ते आजही त्यांची नावे घरच्या माणसांसारखी घेतात. महागाई, रेशन, पाहुणे, महिनाअखेर. रोजच्या जगण्यातला चिमटा त्यात असे आणि घराघरांत तो बरोबर बसे. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांनी ती माणसे आवाजातून उभी केली. चालू काळावर बोलण्याची ही एक खुबी होती. थट्टेच्या पदराआड सरकारी रेडिओवरही बरेच खपून जाते.

दीडशे गावांचा प्रयोग यशस्वी झाला म्हणून १९५९ पासून तो देशभर नेण्याचे ठरले. मग व्हायचे तेच झाले. गट वाढले, कागदावर हजारांनी वाढले. पण प्रत्येक गटामागे धावणारी माणसे, वेळेवर मिळणारी बॅटरी आणि पत्राला येणारे उत्तर या तीन गोष्टी त्या प्रमाणात वाढणे शक्य नव्हते. ज्या गावात वीज नाही, तिथला रेडिओ सुक्या बॅटरीवर चाले. बॅटरी संपली की वाणी संपली. आणि उत्तर येत नाही म्हटल्यावर प्रश्न कोण लिहून धाडील? १९६६ पासून आकाशवाणीने शेतीसाठी निराळे विभाग काढले. सुधारित बियाण्यांचे ते दिवस होते. तंजावरकडे भाताच्या एका वाणाला लोक 'रेडिओ भात' म्हणू लागले, इतका रेडिओचा शब्द चालला. काम मोठे झाले, यात वाद नाही. धान्य पिकले. पण बोलणे पुन्हा तज्ज्ञाकडे गेले आणि ऐकणे शेतकऱ्याकडे.

शिवाय ट्रान्झिस्टर आला. त्याने रेडिओ चावडीवरून उचलला आणि शेताच्या बांधावर, सायकलच्या दांडीला, गुराख्याच्या खांद्याला अडकवला. ज्याला त्याला आपापला रेडिओ मिळाला, हे चांगलेच झाले. हवे ते गाणे ऐकायला आता सरपंचाची परवानगी लागत नव्हती. वीस जणांनी एकत्र ऐकून भांडण्याची गरज मात्र त्याबरोबर संपली.

पुढची कित्येक वर्षे मधल्या कोऱ्या पानांसारखी भराभर उलटली तरी चालतील. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. निमित्त क्रिकेटचे, बंगालच्या क्रिकेट संघटनेने भरवलेल्या सामन्यांच्या चित्रीकरणाचे. पण निकाल त्याच्या फार पलीकडे गेला: आकाशातल्या ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. मुख्य निकालपत्र लिहिणारे होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत. खासगी एफएमवाल्यांना लवकरच वाट मिळाली. गावाला थांबावे लागले. २००२ साली शिक्षणसंस्थांना आपले छोटे केंद्र काढण्याची मुभा मिळाली आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांना. सामुदायिक रेडिओ म्हणतात तो हाच. ध्वनिक्षेपक शंभर वॅटचा, आवाज दहा-पंधरा किलोमीटर जाईल एवढाच, निम्मे तरी कार्यक्रम तिथल्याच लोकांच्या सहभागाने झालेले असावेत, आणि भाषा शक्यतो तिथलीच.

अशा केंद्रांतले एक म्हसवडला आहे. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात. 'माणदेशी तरंग वाहिनी' हे त्याचे नाव, ९०.४ हा त्याचा आकडा, सुरू झाले २००८ साली, आणि चालवते बायकांच्या बँकेसाठी प्रसिद्ध असलेली माणदेशी संस्था. हा माडगूळकरांचा मुलूख. माडगूळ आटपाडी तालुक्यात, इथून लांब नाही. पन्नास वर्षांपूर्वी पुण्याच्या वाणीला कान देणाऱ्या जिल्ह्यात आता पुण्याला ऐकू न जाणारी, पण म्हसवडच्या बाजारात ऐकू येणारी वाणी झाली. ओव्या म्हणणाऱ्या, शेळ्या राखणाऱ्या, बाजारात भाजी विकणाऱ्या बायांचे आवाज त्यावरून आले. १९५६ च्या चावडीवर बायांना कुठे जागा होती? त्या लांबून, भिंतीच्या आडून ऐकत असल्या तर ऐकत असतील. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा त्या शंभर वॅटचे मोल मी मोठे मानतो. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला याच संस्थेने जनावरांची मोठी छावणी चालवली. छावणीत माणसे जनावरांबरोबर महिनोन् महिने राहतात. तिथे बोलण्यासारखे किती असते, हे ज्याने छावणी पाहिली आहे त्याला सांगायला नको.

आणि इथेच तो जुना चावडीचा नियम पुन्हा भेटतो. २००६ च्या धोरणाने या केंद्रांना शेती, आरोग्य, शिक्षण, संस्कृती, सारे विषय मोकळे केले आणि एक दार लावून घेतले: स्वतःच्या बातम्या आणि चालू राजकीय घडामोडी सांगायच्या नाहीत. त्याविरुद्ध २०१३ साली 'कॉमन कॉज' संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सरकारचे म्हणणे असे की एवढ्या केंद्रांवर देखरेख कोण ठेवणार, आणि गैरवापर झाला तर? त्या भीतीत अगदीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. हातातल्या फोनवर रात्रीत अफवा पिकते आणि सकाळी गावात दोन तट पडतात, हे आपण पाहतो आहोत. पण फोनवरच्या त्या अफवेला ना नाव ना गाव. शंभर वॅटच्या केंद्रावर बोलणारी बाई कोणाची कोण, कुठल्या आळीत राहते, हे ऐकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असते. खोटे बोलली तर दुसऱ्या दिवशी नळावर तिला जाब द्यावा लागतो. हा पहारा कुठल्याही मंत्रालयाला जमणारा नाही.

खासगी एफएमसाठी २०११ साली जे धोरण निघाले, त्यात बातमी कशाला म्हणायचे नाही याची एक यादी दिली आहे. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, जत्रा-उत्सव, आणि स्थानिक प्रशासनाने पुरवलेली वीजपाण्याची माहिती, हे त्यात मोडते. तेव्हा उद्या अमुक भागात पाणी येणार नाही, हे सांगता येते. कोणाच्या उसाकडे ते वळवले, हे विचारायला अजून पारावरच जावे लागते.